चालता चालता बोलते करणारा वाटाड्या

दहा-बारा माणसांनी एका ठरलेल्या विषयावर बोलत एका ठरलेल्या वाटेने चालायचे, याला संवादफेरी म्हणतात. जुन्या वास्तू दाखवणाऱ्या फेरीत एक जण सांगतो आणि बाकीचे ऐकतात. मोर्च्यात सगळ्यांच्या तोंडी एकच घोषणा असते. सकाळी फिरायला जाताना सोबती ठरलेला असतो आणि विषय कोणताही चालतो. संवादफेरीत मात्र बोलायचे असते ते आलेल्या माणसांनी, आणि तेही एकमेकांशी. ती फेरी नेणारा तो वाटाड्या. वाट दाखवणे हे त्याचे निम्मे काम. अनोळखी माणसांना बोलते करणे आणि ती बोलू लागली की स्वतः गप्प राहणे हे उरलेले निम्मे. पहिले काम वाटेवर चार-पाच वेळा जाऊन येते. दुसरे शिकायला काही महिने लागतात, आणि प्रशिक्षणाचा सगळा भर त्यावरच असतो.

बसून जे बोलणे होत नाही ते चालताना का होते, हे शिकणाऱ्याला आधी समजावे लागते. गावात बैठक भरली की सतरंजीवर पुढे कोण, भिंतीला टेकून कोण आणि दाराशी उभे कोण, हे कोणी न सांगताच ठरलेले असते. चालू लागले की ही मांडणी दर शंभर पावलांवर मोडते. शेजारी चालणाऱ्यांना एकमेकांच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही. दोघेही पुढे बघत असतात, त्यामुळे अवघड गोष्टही सहज तोंडातून निघते. बोलणे थांबले तरी पाय थांबत नाहीत, म्हणून शांतता अंगावर येत नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, बसलेल्यापेक्षा चालताना माणसाला नव्या कल्पना सरासरी ६० टक्के अधिक सुचल्याचे आढळले. एकच नेमके उत्तर शोधायचे असेल तर मात्र चालण्याचा तसा उपयोग दिसला नाही. वाटाड्याच्या दृष्टीने या प्रयोगाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. फेरीत निर्णय घेऊ नयेत, ठराव करू नयेत. जे अजून कोणी बोललेले नाही ते बाहेर यावे एवढ्यासाठीच ती असते.

महाराष्ट्राला हे शास्त्र परके नाही. समूहाने चालण्याची सगळ्यात पक्की घडी वारकऱ्यांनी बसवली आहे. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटरची वाट हजारो माणसे गर्दीसारखी न चालता दिंड्यांनी चालतात. पालखी सोहळ्याला आजची शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी लावली. दिंडीत पुढे पताका, मग टाळकरी, त्यांच्यामध्ये पखवाज, मग वीणेकरी आणि मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. हा क्रम दिसायला शोभेचा, पण त्यात मोठा हिशेब आहे. माणसाला आपल्या पुढचा आणि मागचा ऐकू आला पाहिजे, चाल टाळाच्या ठेक्याला बांधलेली पाहिजे आणि सगळ्यात थकलेला माणूस मागे एकटा पडता कामा नये.

या सोहळ्यातली एक रीत वाटाड्याने आवर्जून पाहावी अशी आहे. मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळी समाजआरतीसाठी दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. सगळे टाळ वाजत असतात. चोपदार हातातला चोप उंच धरतो आणि टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. चोपदार तिच्याकडे जातो, तक्रार ऐकली जाते. मग हरवल्या-सापडल्याच्या वस्तू पुकारल्या जातात आणि आरती होते. एवढ्या मोठ्या समुदायात गाऱ्हाणे मांडायला कोणाला ओरडावे लागत नाही, पुढाऱ्याची ओळख काढावी लागत नाही. शांततेत वाजणारा टाळच पुरतो. लहान संवादफेरीतही अशी एखादी खूण सुरुवातीलाच ठरवून द्यावी लागते. कोणाला थांबायचे असेल, विषय सोसत नसेल किंवा मागे राहायचे असेल, तर शब्दाविना ते कळावे.

सोबत चालले की माणसे आपोआप एक होतात, असे मात्र समजू नये. इरावती कर्वे यांनी वारीच्या अनुभवावर लिहिलेला ‘वाटचाल’ हा लेख ‘परिपूर्ती’ या त्यांच्या संग्रहात आहे. एकाच दिंडीत बरोबर चालणारी, बरोबर अभंग म्हणणारी माणसे जेवायला जातीप्रमाणे वेगळी बसतात, हे त्यांनी त्यात नोंदवले आणि त्याची बोचही लपवली नाही. वाटाड्याच्या प्रशिक्षणात हा लेख वाचायला लावला पाहिजे. फेरीत कोण कोणाशी बोलले याइतकेच, थांब्यावर डबा उघडला तेव्हा कोण कोणाजवळ बसले हेही त्याला दिसायला हवे.

दुसरा धडा रायगड जिल्ह्याच्या मातीतला आहे. विनायक नरहरी भावे, म्हणजे विनोबा, यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातल्या गागोदे गावी झाला. १९५१ च्या मार्च महिन्यात ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्ली इथल्या सर्वोदय संमेलनाला पायी निघाले आणि संमेलनानंतर तेलंगणातल्या गावांतून चालत राहिले. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे जमीन मागितली. किती हवी असे विचारल्यावर ८० एकर असे उत्तर आले. सरकारकडे शब्द टाकावा, असे विनोबांच्या मनात आले होते. पण त्यांनी जमलेल्या गावकऱ्यांनाच विचारले की, सरकारकडून मिळायला वेळ लागेल, तोवर गावातूनच काही होण्यासारखे आहे का? गर्दीतून रामचंद्र रेड्डी उठले आणि त्यांनी १०० एकर द्यायचे कबूल केले. भूदान तिथून सुरू झाले.

त्या प्रसंगात वाटाड्याने शिकायचे ते एका प्रश्नात आहे. विनोबांनी स्वतः उत्तर दिले नाही, उपदेश केला नाही, कोणाला नाव घेऊन अडचणीत टाकले नाही. ज्यांच्याकडे उत्तर होते त्यांच्यासमोर प्रश्न ठेवला आणि वाट पाहिली. पुढे जवळपास तेरा वर्षे ते देशभर चालत होते. पहाटे अंधारातच निघायचे, आणि ज्याला त्यांच्याशी बोलायचे असेल त्याने बरोबर चालायचे, असा रिवाज पडला होता. १९६० च्या मे महिन्यात चंबळच्या खोऱ्यातले दरोडेखोर त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवायला आले तेही अशाच पदयात्रेत. भूदानात ४० लाख एकरांहून अधिक जमीन दान म्हणून जाहीर झाली. तिच्यातली बरीचशी प्रत्यक्ष वाटली गेली नाही, हेही खरे. चालताना मोकळे झालेले मन आणि त्यानंतर करायचे कागदोपत्री काम, यांत केवढे अंतर असते ते या आकड्यांमागे दिसते. फेरी पहिले काम करू शकते. दुसरे तिच्या आवाक्यातले नाही, आणि वाटाड्याने तसे वचनही देऊ नये.

पूर्वतयारीसाठी दांडीयात्रेकडे पाहावे. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी निवडक साथीदारांसह साबरमतीहून निघाले, त्याआधीच गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची ‘अरुण टुकडी’ वाटेवरच्या गावांत पुढे जाऊन माहिती गोळा करत होती. गावात पोचल्यावर गांधीजी त्या गावाविषयी बोलू शकत, ते या मुलांच्या पायपिटीमुळे. संवादफेरीशी मिळतेजुळते उदाहरण अलीकडचे आहे: कॅनडातल्या टोरांटोमध्ये, नगररचनेवर लिहिणाऱ्या जेन जेकब्ज यांच्या स्मरणार्थ २००७ पासून मे महिन्याच्या सुरुवातीला ‘जेन्स वॉक’ नावाच्या फेऱ्या निघू लागल्या आणि मग त्या अनेक देशांत पसरल्या. त्या फुकट असतात, रहिवासीच त्या नेतात, आणि चालता चालता गप्पा हेच त्यांचे रूप असते.

आता प्रत्यक्ष शिकण्याकडे वळायचे तर सरावाला जागा लागते, आणि रायगड जिल्ह्यातल्याच वडखळसारखी जागा शोधून सापडायची नाही. मुंबई-गोवा महामार्गावर अलिबागचा फाटा फुटतो तो वडखळ नाक्यावर. इथे अवजड वाहनांची वर्दळ आहे, जवळच डोलवीचा पोलादाचा कारखाना आहे, त्यापलीकडे अंबा नदी आणि धरमतरची खाडी आहे, आणि खाडीच्या अंगाने खारेपाटातली भातशेती पसरली आहे. भरतीच्या पाण्याहून सखल असलेली ही शेते मातीच्या बांधांनी राखलेली. बांधाला खांड गेली की खारे पाणी आत शिरते आणि पुढची काही वर्षे पीक नीट येत नाही. एका सकाळच्या चालीत गोंगाट, अरुंद वाट, गावरस्ता आणि उघडे रान असे चारही प्रकार भेटतात, आणि प्रत्येक ठिकाणी बोलण्याची तऱ्हा बदलावी लागते.

महामार्गाच्या कडेने बोलायचेच नाही, फक्त एकामागे एक चालायचे. तिथे आवाज चढवून बोलू पाहणारा वाटाड्या माणसांना थकवतो आणि त्यांचे रस्त्यावरचे लक्षही उडवतो. गावरस्त्याला लागले की जोड्या करायच्या, कारण चालताना तीन-चारांपलीकडे एकमेकांचे ऐकू येत नाही. बारा माणसांची फेरी म्हणजे खरे पाहता सहा संवाद असतात. ते एकत्र येतात फक्त थांब्यावर. बांधावर पुन्हा एकेरी ओळ. तिथे असा प्रश्न द्यायचा, की ज्यावर माणूस दहा मिनिटे एकटा विचार करील. बांध संपला की देवळाचा पार किंवा झाडाची सावली गाठून सगळ्यांनी गोल उभे राहायचे. वाट आखताना आधी थांबे ठरवायचे आणि मग ते जोडायचे, हा क्रम नवख्यांना उलटा वाटतो, पण तोच बरोबर आहे. चालण्याचा वेग किती असावा याला साधी कसोटी आहे: चालता चालता धाप न लागता पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन तासांच्या फेरीला थांब्यांसह पाच किलोमीटर पुरतात.

वाटेची टेहळणी निदान तीनदा करावी लागते. त्यातली एक नेमक्या त्याच वेळेला, म्हणजे ऊन, वाहतूक आणि कामावर जाणारी माणसे कळतात. खारेपाटात चौथी गोष्ट असते, ती भरतीची वेळ. या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते आणि रोज पाऊणएक तास पुढे सरकते. कोळ्यांच्या घरात हा हिशेब तिथीवरून तोंडी होतो. शिकणाऱ्याने तो त्यांच्याकडूनच शिकावा, कारण शिकताना ओळखही होते आणि बांधावर परके कोण आले, ही शंका गावात उरत नाही.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो प्रश्न घडवण्याला. ‘कारखान्याबद्दल तुमचे मत काय?’ असे विचारले की माणूस लगेच बाजू घेतो आणि तिथेच अडकतो. ‘तुमच्या लहानपणी या बांधावरून काय दिसायचे?’ असे विचारले की गोष्ट सुरू होते. आधी आठवण, मग बदल, मग त्या बदलाचा स्वतःवर झालेला परिणाम, आणि मत अगदी शेवटी. तेही आपणहून आले तर. इथल्या घराघरांत हा गुंता आहे. एकाच कुटुंबात एक भाऊ कारखान्यात कामाला आणि दुसरा खारे पाणी शिरलेल्या शेतात, असे असू शकते. २००८ च्या सप्टेंबरमध्ये पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची की नाही यावर शेतकऱ्यांचे मत अजमावले गेले. अलिबागच्या वाटेवर थोडे पुढे गेले की चरी गाव. तिथल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत शेतीच कसली नाही. ज्या भागात जमिनीचा प्रश्न इतका खोल गेलेला आहे तिथे वाटाड्याने ‘कोणी विकली, कोणी राखली’ असे कधी विचारू नये. ते सांगायचे की नाही हे सांगणाऱ्याने ठरवायचे असते.

प्रश्न टाकल्यावर गप्प राहणे हा वेगळा सराव आहे. शिकणाऱ्यांना वीस पावले मोजायला लावतात. प्रश्न विचारायचा आणि वीस पावले होईपर्यंत तोंड उघडायचे नाही. पहिल्या दिवशी बहुतेकांना दहाव्या पावलालाच राहवत नाही. ते प्रश्न बदलतात, समजावतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. वीस पावले सोसण्याची सवय झाली की समोरचा माणूस बहुधा पंधराव्या पावलाच्या सुमारास बोलू लागतो.

भाषेचेही भान लागते. शहरी, छापील मराठीत बोलणाऱ्या वाटाड्यासमोर आगरी किंवा कोळी बोलीत बोलणारी मावशी दोन शब्दांत उत्तर देते आणि पदर सावरते. तिला बोली बदलायला न लावता, तिच्या बोलीत समजून घेऊन तिथेच पुढचा प्रश्न विचारावा. पाटील, साहेब, सर अशा हाका फेरीपुरत्या बाजूला ठेवून दादा, ताई, काका, मावशी एवढ्यावर भागवले तर उत्तम. पण वयाचा मान मोडू नये. आदिवासी वाडीवरच्या कातकरी बाया आल्या तर त्या बहुधा ओळीच्या शेवटी चालतात. म्हणूनच पिछाडीला चालणारा दुसरा वाटाड्या हा फक्त राहिलेल्यांना हाकायला ठेवलेला मदतनीस नसतो. फेरीतले सगळ्यात मोलाचे बोलणे पुष्कळदा त्याच्याच कानावर पडते.

प्रशिक्षणाची सुरुवात पिछाडीलाच होते ती यामुळे. पहिल्या तीन-चार फेऱ्या शिकणाऱ्याने मागे चालून फक्त पाहायचे: कोण कोणापासून लांब राहिले, हशा कुठे झाला, कोणाचा आवाज बांध उतरल्यावर बदलला. मग त्याला एक थांबा चालवायला मिळतो, पुढे दोन थांब्यांमधला टप्पा, आणि शेवटी पूर्ण फेरी. तेव्हा जुना वाटाड्या सोबत असतो, पण एक शब्द बोलत नाही. बोलघेवड्या माणसाला आवरणे, वाद पेटला तर दोघांना समोरासमोर उभे न ठेवता शेजारी चालायला लावणे, थांब्यागणिक जोड्या बदलणे, कोणी रडू लागले तर ओळ पुढे पाठवून स्वतः मागे राहणे, या गोष्टी प्रसंगानेच शिकायच्या. वाद उभ्याने मिटवायचा नसतो एवढा एक नियम मात्र आधी सांगून ठेवतात. चालू लागले की आवाज उतरतात. फेरीत ऐकलेले नावानिशी बाहेर सांगायचे नाही आणि विचारल्याशिवाय फोटो किंवा ध्वनिमुद्रण करायचे नाही, हेही पहिल्याच दिवशी.

सुरक्षिततेचा भाग थोडक्यात उरकता येतो, टाळता मात्र येत नाही. निघताना, प्रत्येक थांब्यावर आणि शेवटी डोकी मोजायची. पिण्याचे पाणी, जलसंजीवनीची पाकिटे, प्रथमोपचाराची पेटी सोबत हवी. महामार्ग ओलांडताना आघाडीचा आणि पिछाडीचा असे दोघे दोन बाजूंना उभे राहतात. साप चावला तर जखम कापायची नाही, आवळून बांधायचे नाही, माणसाला चालवायचे नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायची आणि पेणच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे न्यायचे. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाचा पर्यटन मार्गदर्शकांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम आहे. त्यातून स्थळाची माहिती कशी सांगावी हे शिकायला मिळते. संवादफेरीला तो पूरक आहे, पर्याय नाही.

तयार झाला की नाही हे ठरवण्याची पद्धत साधी आहे. सोबतचा जुना वाटाड्या घड्याळ लावून शिकणाऱ्याचे बोलणे मोजतो. दोन तासांत ते पंधरा मिनिटांच्या वर गेले तर आणखी सराव हवा. फेरी संपल्यावर शिकणाऱ्याने प्रत्येक माणसाविषयी एक तरी गोष्ट सांगायची असते, जी त्याला सकाळी माहीत नव्हती. बारापैकी तिघांविषयी काहीच सांगता आले नाही, तर ते तिघे फेरीत होते आणि नव्हतेही.

खारेपाटात फेऱ्यांचा हंगाम भातकापणीनंतर सुरू होतो आणि ऊन तापेपर्यंत चालतो. पावसात बांध निसरडे असतात. थंडीत इथे पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून वालाच्या शेंगा, बटाटे, कोणी अंडी, कोणी कोंबडी भरतात, तोंड पाल्याने बंद करून मडके उपडे ठेवतात आणि भोवती जाळ करतात. शेवटचा थांबा म्हणून पोपटीची जागा धरली तर अर्धा-पाऊण तास सगळ्यांना आगीभोवती बसावेच लागते. समारोपाची फेरी तेव्हाच घेता येते: प्रत्येकाने सकाळपासून दुसऱ्या कोणाकडून ऐकलेली एक गोष्ट, त्या माणसाची परवानगी घेऊन, सर्वांना सांगायची. वाटाड्या सगळ्यांच्या शेवटी बोलतो. तोवर मडके उघडलेले असते, आणि शेंगा एकाच पानावर ओततात.